गव्हाच्या शेंड्यावरचा थेंब दहिवराचा नाही

मार्गशीर्षात रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी दिलं आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहिलं, की पात्यापात्याच्या टोकाला एकेक टपोरा थेंब दिसतो. आपण म्हणतो, दहिवर पडलं. पण दहिवर पानभर बारीक पसरतं. हा थेंब नेमका शेंड्यालाच. तो मुळांनी खालून ढकललेला असतो.

रात्री पर्णरंध्रं मिटतात, पानातून वाफ जात नाही. मुळं मात्र क्षार ओढतच राहतात, त्यांच्यामागे पाणी शिरतं, दाब चढतो आणि शिरांच्या टोकाशी असलेल्या जलरंध्रांतून पाणी बाहेर येतं. हा बिंदुस्राव. (हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट पाणी, म्हणजे आंब, वेगळी; ती पानांवरच्या लवेतून पाझरते.)

मग त्यातून नत्र-स्फुरद वाया जातं का? बरंचसं वाचतं. जलरंध्राच्या आत सैल पेशींचा थर असतो. मातेऱ्यातून दाणे वेचावेत तसं या पेशी झिरपत्या पाण्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट परत घेतात. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर हे तपासलं गेलंय: नायट्रेट आत ओढणारं प्रथिन ज्या रोपांत नव्हतं, त्यांच्या थेंबात नायट्रेट जास्त निघालं.

पण या वेचणीलाही मर्यादा आहे. थेंब वाळल्यावर शेंड्यावर पांढरी खपली धरत असेल आणि टोक करपत असेल, तर जमिनीत क्षार किंवा युरिया जास्त झालाय का ते आधी बघा. थेंब बोटाला चिकट लागला, तर तो बिंदुस्राव नाही. ज्वारीत तो बहुधा माव्याचा चिकटा, पान उलटून पाहा. बियाण्याला कीटकनाशक चोळलं असेल तर थेंबातही ते उतरू शकतं, म्हणून चाखायचा मोह नको.

एकदा घाईत मी सकाळीच युरिया फेकला. दाणे ओल्या पात्यांना चिकटले, तिथंच विरघळले आणि चार दिवसांत पट्टाच्या पट्टा भाजल्यासारखा पिवळा पडला. गव्हाला पेरणीनंतर 21 दिवसांनी द्यायचा युरियाचा हप्ता दुपारनंतर, पाती कोरडी झाल्यावर फेका आणि त्याच रात्री पाणी द्या.

कोबी-फुलकोबीवाल्यांनी जास्त जपावं. काळ्या कुजीचे जिवाणू याच जलरंध्रांतून आत शिरतात; पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्हीसारखा पिवळा डाग पडतो, शिरा काळ्या होतात. तिथं संध्याकाळी तुषार लावू नका, आणि पानं ओली असेपर्यंत वाफ्यात शिरू नका, खुरपणीलासुद्धा.