झडपेचा त्रास आणि सायकल: घड्याळाऐवजी बोलून बघा

हृदयाच्या झडपेच्या त्रासासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल, तर मनगटावरच्या घड्याळातला पल्स फसवतो. गोळी ठोके फार वाढू देत नाही, त्यामुळे आकडा कमी दिसतो आणि दम मात्र लागलेला असतो.

१. पहिली १० मिनिटं सपाट रस्ता, हलका गियर.
२. मग दर ५ मिनिटांनी एक लांबसं वाक्य मोठ्यानं बोला. मध्येच श्वासासाठी थांबावं लागलं, तर वेग कमी करा.
३. चढ सुरू व्हायच्या आधीच गियर हलका करा. हँडल आवळून, श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. त्यापेक्षा उतरून सायकल ढकला, त्यात कसली लाज!
४. शेवटची ५-१० मिनिटं संथ पेडल. झटकन थांबलात तर रक्त पायांत साचून भोवळ येते.

एओर्टिक झडप (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी) खूप अरुंद झाली असेल, तर कार्डिओलॉजिस्टनी हो म्हटल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबा, मदत बोलवा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेणाऱ्यांनी हेल्मेट घालायचंच; डोकं आपटलं तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.