रस्टच्या लायब्ररीत एनम वाढवताना

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत एनम म्हणजे ठरलेल्या प्रकारांची यादी. लायब्ररीतल्या पब्लिक एनममध्ये एक नवा प्रकार घातला, की तो एनम 'मॅच' करणाऱ्या, म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी वेगळी शाखा लिहिणाऱ्या, इतरांचा कोड कम्पाइल होईनासा होतो. एका ओळीच्या बदलासाठी मेजर आवृत्ती (जुन्या कोडशी न जुळणारी) काढायची पाळी येते.

१. एनमच्या डोक्यावर 'नॉन एक्झॉस्टिव्ह' (#[non_exhaustive]) हे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे यादी पुढे वाढू शकते असं कम्पायलरला सांगणारी खूण, लावा. रस्ट १.४० पासून ते आहे.

२. आता बाहेरच्या क्रेटला (क्रेट म्हणजे रस्टमधला एकत्र कम्पाइल होणारा कोड) मॅचमध्ये अंडरस्कोरची, म्हणजे उरलेलं सगळं पकडणारी '_' ही शाखा लिहावीच लागते. नाहीतर कम्पायलर अडवतो. तुमच्या स्वतःच्या क्रेटमध्ये मात्र ही सक्ती नाही. तिथे अंडरस्कोर मुद्दाम टाळा, म्हणजे नवा प्रकार कुठे हाताळायचा राहिला ते कम्पायलरच दाखवेल. मला तरी खरा फायदा हाच वाटतो.

३. वापरणाऱ्याने अंडरस्कोरच्या शाखेत पॅनिक करू नये, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच कोसळू देऊ नये. एरर परत द्यावी, निदान लॉगमध्ये नोंद तरी करावी.

आठवड्याच्या वारांसारखी यादी कधीच वाढणार नसेल, तर हे लावूच नका. उगाच सगळ्यांना जास्तीची शाखा लिहायला लागते.

आणि हे पहिल्या प्रकाशनाआधीच ठरवा. आधीच लोकांच्या हाती गेलेल्या एनमवर अ‍ॅट्रिब्यूट लावणं हाच मुळात त्यांचा कोड मोडणारा बदल ठरतो.