डर्ट बाईक की उचललेली थार? निवडताना या चुका टाळा

पाऊस तोंडावर आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "सेकंडहँड एक्सपल्स बाईक बघून ठेवलीय, घेऊ का? की अजून पैसे जमवून थार घेऊ आणि मस्त उचलून घेऊ?" मी उलट एकच विचारतो : अडकलास तर काढणार कोण? बहुतेक जण यावर हसतात. मीही हसलो होतो.

तेव्हा माझ्याकडे जुनी जिप्सी होती. दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उचललेली), जाड नक्षीचे टायर, पुढे विंच (दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारी चरखी). जुलैत मेहुण्याला घेऊन वेल्ह्याच्या पुढे एका पाणंदीत घातली. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल. मधल्या उंचवट्यावर गाडी पोटावर बसली आणि चारही चाकं राड्यात नुसती भिरभिरायला लागली. विंच होता, पण दोर बांधायला झाडच नव्हतं. दोन्ही बाजूंना भातखाचरं. दोन तासांनी एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी लावता लावता म्हणाले, "दादा, पावसाळ्यात हितं आम्ही बैलसुद्धा घालत न्हाय."

एकट्याने फिरणार, पण घेणार चारचाकी

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एक्सपल्स २०० ४व्ही साधारण १५८ किलोची. चिखलात आडवी झाली तर शिव्या देत का होईना, एक माणूस ती उभी करतो. दोघं असले तर ओढ्यातूनही बाहेर काढतात. थारचं वजन दीड टनाच्या पुढे. ती रुतली की दुसरी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी), ट्रॅक्टर नाहीतर नीट रोवलेला विंच यांपैकी काहीतरी हवंच. म्हणून तुमच्या मित्रमंडळात अजून एक फोर-बाय-फोर नसेल, तर माझं मत सरळ बाईकला. घरचे सोबत येणार असतील, तंबू-भांडी न्यायची असतील आणि दोन गाड्या मिळून जायची सवय असेल, तर चारचाकी. मधला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

गाडी ओढताना टो-हुकच्या (ट्रेलर जोडायच्या) गोळ्याला पट्टा अडकवू नका. झटक्याने तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्ट केलेला, ओढण्यासाठीचा रिकव्हरी पॉइंटच वापरा आणि ताणलेल्या दोराजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका.

लिफ्ट केली म्हणजे गाडी उंच झाली, हा समज

माझी जिप्सी अडकली ती याच समजापायी. लिफ्ट किटने चासी आणि बॉडी वर जाते. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल असतो आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायला टायरच मोठे लागतात आणि तिथेही हिशोब निम्माच बसतो. थारच्या २४५/७५ आर १६ टायरचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर. ३३ इंची टायर म्हणजे ८३८. फरक ६४ चा, अ‍ॅक्सल वर जाणार फक्त ३२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वा इंच.

त्या सव्वा इंचाची किंमत बघा. घेर आठ टक्के वाढला, म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ ने पळत असते. गिअर लांब पडतात, घाटात गाडी दम खाते, ब्रेकवर भार येतो. वर लिफ्टमुळे वजन उंचावर गेलेलं, त्यामुळे वळणावर गाडी झोके खाते. थारला पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. जास्त उचलली की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट (आवरणं) फाटतात.

मुळात कंपनीतून निघालेल्या फोर-बाय-फोर थारला २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता आहे. आपल्या वाटांपैकी बहुतेक त्यात बसतात. पहिलं वर्ष फक्त चांगले टायर, हवेचा पंप आणि पट्टा घ्या. चिखलात किंवा वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तरी गाडी वेगळीच वाटते. डांबरीवर येताच परत भरा.

आणि हो, थार घेताना नुसती नावाची पाटी बघून भुलू नका. जानेवारी २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. दिसायला तीच, पण स्वस्त मिळाली म्हणून ती घेऊन नंतर "फोर-बाय-फोर बसवून देता का?" असं गॅरेजमध्ये विचारणारे मी पाहिलेत.

आरटीओला गृहीत धरणं

"सगळेच करतात" हे उत्तर नाक्यावर चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला सोडून केलेला बदल बेकायदा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी बुल बारवर तर डिसेंबर २०१७ पासूनच बंदी आहे, कारण त्याने धडकेचा जोर भलतीकडे जातो आणि एअरबॅगचं गणित बिघडतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्याच गळ्यात येतो.

बाईकवाल्यांच्या चुका

पहिली म्हणजे खरी डर्ट बाईक घेणं. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या बाईकची आरटीओत नोंदणीच होत नाही, ती बंद ट्रॅकसाठी असते. इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजायची. ट्रॅकपर्यंत न्यायला पिकअप नाहीतर ट्रेलर हवा. म्हणजे डर्ट बाईक घेतली तरी चारचाकी लागतेच! ज्याला भोरवरून घाट उतरून कोकणात जायचंय, त्याला नंबरप्लेटवालीच बाईक हवी.

दुसरी चूक उंचीची. एक्सपल्सच्या प्रो मॉडेलला २७० मिलिमीटर क्लिअरन्स आहे हे वाचून लोक खूश होतात. तिची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे हे शोरूममध्ये कळतं. साडेपाच फुटांच्या माणसाचे पाय राड्यात टेकले नाहीत तर तो पडणारच. आधी साधं मॉडेल चालवून बघा.

तिसरी, सगळे पैसे बाईकमध्ये घालणं. घोटा वाचवणारे बूट, नी-गार्ड, छातीचं कवच यांचे पैसे आधी बाजूला काढा. माझ्या ओळखीतले जे महिनोन् महिने घरी बसले ते घोटा किंवा गळपट्टीचं हाड मोडून, आणि जवळजवळ सगळे कॅनव्हासच्या बुटांत होते.

घेऊन झालीय आणि कुरकुरतेय?

लिफ्ट केल्यावर ठरावीक वेगाला सीटखाली घरघर येत असेल तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडलाय. टायर बॅलन्सिंगवर पैसे घालण्याआधी तो तपासा. कोरड्या डांबरीवर वळताना गाडी अडखळत असेल तर बहुधा ४एच (चारही चाकांना ताकद देणारं) लावलेलंच राहिलंय; टू-व्हीलला टाका.

बाईक ओढ्यात बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढा, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) रिकामा करा, प्लग काढून मग सेल्फ मारा आणि पाणी उडू द्या. हाच नियम थारलाही, फक्त तिथे डिझेल इंजिन असेल तर मेकॅनिकच बोलवा. दोन्हीकडे नंतर ऑइल बघा. दुधाळ दिसलं की बदला. गाडीचं डिफरन्शियल ऑइलही, ते सगळे विसरतात.

चिखलात अर्धा क्लच धरून बाईक रेटली की करपट वास येतो. थांबा, थंड होऊ द्या, लिव्हरला थोडी ढील आहे ना बघा. ढील नसेल तर क्लच पूर्ण बसतच नाही आणि प्लेटा झिजत राहतात. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत फिरणाऱ्यांनी पुढचा मडगार्ड चाकापासून उंच घ्यावा. ती माती मधे भरून चाक जाम करते. कोकणात, जांभ्याच्या लाल धुळीत, एअर फिल्टर आधी गुदमरतो.

उरला जागेचा प्रश्न. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग खाली काहीही असो. कास पठारावर किंवा कातळाच्या सड्यांवर गाडी घालू नका. तिथली माती जेमतेम बोटभर जाड असते. हात बसवायचा असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. पाणंदीत जायचंच असेल तर आधी ज्याच्या शेतातून ती जाते त्याला विचारा. बहुतेक वेळा ट्रॅक्टरही त्याच्याचकडे असतो.