बॉबस्लेडचा पहिला मोसम: लेक प्लॅसिडला नवखा खेळाडू दिवसभर काय करतो

बॉबस्लेड म्हणजे बर्फाच्या वळणदार उतारावरून घसरगाडी (स्लेड) पळवण्याचा खेळ. त्याच्या संघात नव्याने येणारा माणूस बहुधा ट्रॅकवरचा धावपटू असतो, नाहीतर अमेरिकन फुटबॉल खेळलेला. वेग आणि ताकद तो घरूनच घेऊन येतो. शिकायचं असतं ते बाकीचं सगळं. दिवसाला बर्फावर दोन किंवा तीन फेऱ्या मिळतात, आणि एक फेरी साधारण मिनिटभराची. म्हणजे प्रत्यक्ष खेळ रोज तीन मिनिटं. उरलेला दिवस हमालीत, पॉलिश करण्यात, जिममध्ये आणि खाण्यात जातो. पहिल्या मोसमात पायलट, म्हणजे पुढे बसून स्लेड वळवणारा, तुमची पारख करतो ती याच उरलेल्या वेळात.

इथलं वर्णन लेक प्लॅसिडचं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक डोंगरांतलं हे छोटं गाव. १९३२ आणि १९८० ची हिवाळी ऑलिंपिक इथे झाली. ऑलिंपिक ट्रेनिंग सेंटर गावात आहे आणि ट्रॅक तिथून गाडीने थोड्या अंतरावर, माउंट व्हॅन होवेनबर्गवर: १४५५ मीटर लांब, २० वळणं, वरपासून खालपर्यंत सव्वाशे मीटरहून जास्त उतार. सेंटरमध्ये राहायला खोली, मेस, जिम आणि फिजिओ असं सगळं एका आवारात मिळतं. मेसच्या वेळा ठरलेल्या असतात आणि ट्रॅकवरचं सत्र लांबलं की जेवण हुकतं, म्हणून डबा आधीच भरून घ्यायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

वजनाचं गणित

नवख्यांना चकवणारी पहिली गोष्ट म्हणजे वजन. पुरुषांच्या दोघांच्या स्लेडचं वजन किमान १७० किलो, आणि माणसं धरून एकूण कमाल ३९० किलो. म्हणजे दोघांच्या वाट्याला साहित्यासकट २२० किलो, माणशी ११०. चौघांची स्लेड किमान २१०, एकूण कमाल ६३०, म्हणजे माणशी १०५. तुम्ही ९२ किलोचे असाल तर कमी पडलेलं वजन स्लेडमध्ये शिसं किंवा लोखंड बसवून भरून काढता येतं. नियमाला ते चालतं. पण ते लोखंड सुरुवातीला तुम्हालाच ढकलावं लागतं. तेच वजन मांडीत आणि नितंबात असेल तर ते स्वतः धावतं. म्हणून उन्हाळ्यात धावपटूंना वजन वाढवायला सांगतात.

वाढवायचं ते हळूहळू. महिन्याला किलो-दीड किलो पुरे. त्याहून घाई केली की तीस मीटर धावण्याची वेळ बिघडते आणि मग दोन्ही बाजूंनी नुकसान. प्रथिनं शरीराच्या दर किलोला १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे शंभर किलोच्या माणसाला रोज १६० ते २२० ग्रॅम. नुसत्या वरणभातावर हा हिशेब जुळत नाही. शाकाहारी असाल तर दूध, दही, पनीर, सोया आणि अंडी चालत असतील तर अंडी, असं दिवसातून पाच वेळा वाटून खावं लागतं. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, उपाशीपोटी वजन करा आणि आकडा प्रशिक्षकांना स्वतःहून सांगा.

ढकलणं

सुरुवातीला पहिले १५ मीटर घड्याळ चालूच नसतं. त्यानंतरच्या ५० मीटरची वेळ 'स्टार्ट टाइम' म्हणून लागते, आणि ती साधारण पाच सेकंदांच्या आसपास असते. नवखा माणूस यावरून समजतो की पहिले १५ मीटर फुकटचे. खरं तर सगळा वेग तिथेच कमवायचा असतो. घड्याळ चालू होतं तेव्हा तुम्ही पळत असायला हवं, ढकलत नव्हे.

दोघांच्या स्लेडमध्ये नवख्याची जागा मागची, ब्रेकमनची, म्हणजे ब्रेक ओढणाऱ्याची. दोन्ही पाय मागच्या ठोकळ्यावर, पुढचा तळवा पूर्ण टेकलेला. हात मागच्या दांड्यांवर, कोपरं वाकलेली, छाती स्लेडच्या जवळ. तुम्ही तयार झालात की ओरडायचं: 'बॅक सेट!' पायलट उत्तर देतो: 'फ्रंट सेट!' मग ठरलेली लय, आणि दोघांचा धक्का एकाच क्षणी. हिरवा दिवा लागल्यापासून निघायला ६० सेकंद असतात. ती भरपूर आहेत, गडबडू नका.

धक्का कमरेतून यायला हवा. खांद्याने ढकलणाऱ्याची कंबर वर उठते, पाय मागे घसरतात आणि पहिलं पाऊल वाया जातं. बंद पडलेली रिक्षा ढकलताना आपण आपोआप जसे खाली वाकतो, अंग तसंच ठेवायचं, फक्त इथे ते एका झटक्यात उलगडायचं. पायलट तुमच्याआधी निघाला तर तो बाजूच्या दांड्याने स्लेड तिरकी ओढतो, रनर (स्लेडखालच्या पोलादी पट्ट्या) बर्फातल्या खाचेच्या कडेला घासतात आणि वेग तिथल्या तिथे मरतो. वेळ वाईट आली की नवखे जिममध्ये जाऊन आणखी वजनं उचलतात. दहापैकी आठ वेळा दुखणं लयीत असतं. व्हिडिओ लावा, दोघांचे पाय कधी सुटतात ते बघा.

आता आत बसणं. आधी पायलट, शेवटी ब्रेकमन. फार लवकर उडी मारलीत तर दोन पावलांची ताकद बुडाली. फार उशीर केलात तर स्लेड तुमच्यापुढे पळायला लागते, तुम्ही दांड्यांना लटकता आणि तुमचे पायच ब्रेक होतात. योग्य क्षण तो, जेव्हा पावलं अजून जमिनीला जोर देत असतात, पण पुढच्या पावलाला ती मागे पडणार हे कळतं. धपकन आदळू नका. स्लेड हलते आणि खाचेतून बाजूला जाते. हातांवर वजन तोलत पाय आत सरकवा आणि मग खाली बसा. पाय पायलटच्या दोन्ही बाजूंना जायला हवेत, अंगावर नव्हे. बुटांखाली सुयांसारखे शेकडो छोटे काटे असतात, आणि ते कुणाच्या पाठीत घुसले की ते संघात बराच काळ लक्षात राहतं.

चौघांच्या स्लेडमध्ये हेच काम दहीहंडीच्या थरांसारखं होतं: एकाने क्रम चुकवला की वरचे सगळे कोसळतात. पायलट, दुसरा, तिसरा, ब्रेकमन. दुसरा लवकर आणि अस्ताव्यस्त बसला तर तिसऱ्याला गुडघे ठेवायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात हे रुळांवरच्या चाकांच्या स्लेडवर शेकडो वेळा घोटतात. ते कंटाळवाणं आहे, आणि त्याला पर्याय नाही.

वळणं मोजायची

आत बसल्यावर ब्रेकमनचं डोकं गुडघ्यांकडे. समोरचं काहीही दिसत नाही. तरी आपण कुठे आहोत हे कळायलाच हवं, कारण ब्रेक तुमच्या हातात असतो. म्हणून फेऱ्यांआधी पायलटबरोबर ट्रॅक चालून बघा, मग खोलीत डोळे मिटून वळणं मोजा: दाब आला, दाब सुटला, डावं, उजवं. लेक प्लॅसिडला खालच्या भागात एकाला एक चिकटून येणाऱ्या वळणांना 'हार्ट' म्हणतात. तिथे धक्के लागोपाठ बसतात, तेव्हा समजावं की शेवट जवळ आला.

ब्रेक शेवटची रेषा ओलांडल्यावरच ओढायचा. तो म्हणजे पोलादी दाते, ते बर्फात रुततात. ट्रॅकच्या मध्येच ओढला तर बर्फात चर पडतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येक स्लेडला ते भोवतात. वळणांचा आकडा चुकला असं वाटलं तर थांबा, पायलटच्या हाकेची वाट बघा.

रनर

संध्याकाळचं खरं काम हे. स्लेडखाली चार पोलादी रनर असतात आणि त्यांच्यावर वरचा लेप चालत नाही, म्हणून गुळगुळीतपणा फक्त हाताने येतो. पॉलिशला बसलेला नवखा दीड-दोन तास उठत नाही.

रनर व्हाइसमध्ये (शिकंज्यात) उलटा धरा, जबड्यांवर कापड किंवा लाकूड ठेवून. ॲसिटोनने पुसा. मग नखाची कड लांबीच्या दिशेने फिरवा. डोळ्याला न दिसणारा चरा नखाला अडतो. खोल चरा असेल तर २२० नंबरच्या सँडपेपरपासून सुरुवात, नसेल तर ३२० किंवा ४०० पासून. पुढे ६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं आणि प्रत्येक बदलाआधी रनर नव्या फडक्याने पुसायचा. जाड पेपरचा एकच कण राहिला तर २००० वर नवा चरा उमटतो आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी पॉलिशिंग पेस्ट.

दिशा नेहमी लांबीची, पुढून मागे. आडवं कधीच नाही. पेपर बोटांनी न दाबता सपाट किंवा गोलाईला जुळणाऱ्या ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की रनरची गोलाई कुठे चपटी, कुठे टोकदार होते आणि स्लेड हाताला विचित्र लागते. ही चूक पॉलिशने भरून येत नाही.

काम झाल्यावर उघड्या हाताने स्पर्श नको. घामाने एका रात्रीत गंज धरतो. तेलाचा पातळ हात मारून कापडी पिशवीत ठेवा आणि शर्यतीआधी तेल ॲसिटोनने पूर्ण काढा. रनरला काहीही लावायला परवानगी नाही. ते गरम करायलाही नाही: शर्यतीआधी अधिकारी त्यांचं तापमान बाहेर ठेवलेल्या नमुना रनरशी ताडून बघतात. हीटरशेजारी ठेवलेला रनर अख्ख्या संघाला बाद करू शकतो.

उचलाउचल

स्लेड ट्रकमधून उतरवणं, वर नेणं, कलती करणं, फेरी संपली की खालून पुन्हा ट्रकवर चढवणं, ही सगळी नवख्यांची कामं. उचलण्याआधी रनरवर गार्ड बसवले आहेत का ते बघा. रनर डांबरावर एकदा टेकला की दोन तासांचं पॉलिश गेलं. उचलताना 'एक, दोन, तीन' एकानेच मोजायचं. स्लेडचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांविरुद्ध वळतो, तिथल्या सांध्यात बोटं कधीही घालू नका. कवचाच्या काठालाही धरू नका, ते तडकतं. पाठ सरळ, जोर पायांचा. इतकं साधं असूनही मोसमातली पहिली पाठदुखी बर्फावर न होता इथेच होते.

अंगावर काय

जानेवारीत उणे १५ ते २० अंश ही इथली नेहमीची थंडी आहे. अंग तापवायला पाऊण तास द्या आणि रेससूटवरचे जाड कपडे अगदी शेवटच्या क्षणी काढा. सूटच्या आत बर्न व्हेस्ट हवंच: स्लेड उलटली की बर्फाशी घासून कातडी भाजते, तव्याला लागल्यासारखी. हेल्मेट, माउथगार्ड, आणि काट्यांच्या बुटांवर घालायला जुने मोठे बूट किंवा कव्हर. काट्यांत बर्फ भरला तर ते काटे उरतच नाहीत. निघण्याआधी तारेच्या ब्रशने साफ करा.

डोपिंगचा ॲप

डोपिंग चाचणीसाठीच्या खेळाडूंच्या नोंदणीकृत यादीत नाव आलं की रोजची ६० मिनिटं आधी कळवावी लागतात, जेव्हा तुम्ही सांगितलेल्या जागी सापडालच. बारा महिन्यांत तीन वेळा चुकलात तर तो नियमभंग धरतात. खोली बदलली, शर्यतीला दुसऱ्या गावी गेलात, विमान चुकलं, की आधी फोनवरच्या ॲपमध्ये नोंद बदला आणि मग बाकीचं. घरून आलेली शक्तिवर्धक चूर्णं, काढे, अवलेह तपासलेले नसतील तर तोंडात घालू नका. 'आयुर्वेदिक आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची.

उलटली तर

पहिल्या मोसमात स्लेड कधीतरी उलटेल असं धरूनच चला. उडी मारून बाहेर पडू नका. आतल्या दांड्या घट्ट धरा, हनुवटी छातीला, खांदा आणि डोकं बर्फापासून आत ओढा. स्लेड पूर्ण थांबेपर्यंत सोडायचं नाही. शेवटचा भाग चढाचा असल्याने ती थांबल्यासारखी वाटून परत मागे घसरू शकते. थांबली की पायलटला हाक द्या, त्याचं उत्तर ऐका, मग ट्रॅकवरच्या माणसांना हात दाखवा.

उलटली नाही तरी धक्के डोक्याला लागतातच. फेरीनंतर डोकं जड होणं, उजेड न सोसणं, साधा शब्द न आठवणं, याला इथे 'स्लेड हेड' म्हणतात आणि नवखे ते लपवतात, कारण जागा जाईल अशी भीती. त्याच दिवशी, पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना सांगा. दुसरी फेरी 'बघू' म्हणून घेऊ नका.

रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाची यादी बघा: कोणत्या पायलटबरोबर, कितव्या फेरीला, ट्रक किती वाजता सुटणार. यादीत नाव नसेल तरी अलार्म लावाच. स्लेड उतरवायला चार माणसं लागतात, आणि ती चार नावं कुठल्याच यादीत नसतात.