एकाच मतदारसंघाचे दोन आमदार: १९५२ आणि १९५७ चे जुने निकाल शोधायचे आणि वाचायचे कसे

आपल्या तालुक्याचा पहिला आमदार कोण हे शोधायला गेलं की बऱ्याच जणांना एका मतदारसंघापुढे दोन नावं दिसतात, कधी एकाच पक्षाची तर कधी दोन वेगळ्या पक्षांची, आणि मग लोक धरून चालतात की मधे पोटनिवडणूक झाली असेल, किंवा सरळ एक नाव गाळून टाकतात. गाळलं जातं ते बहुतेक वेळा राखीव जागेवरच्या माणसाचं. गावाच्या माहितीत, स्मरणिकेत, "आजवरचे लोकप्रतिनिधी" छापाच्या याद्यांत हे सारखं दिसतं आणि मला ते फार खटकतं, कारण ती दोन्ही माणसं एकाच दिवशी, त्याच मतदारांनी निवडून दिलेली होती. म्हणून जुना निकाल नीट कसा वाचायचा ते लिहितोय.

आधी पद्धत समजून घ्या. दलितांसाठी (पुढे अनुसूचित जाती) जागा राखीव ठेवायच्या पण मतदार सगळ्यांचे एकत्रच, हे पुणे कराराने १९३२ लाच ठरलं होतं. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींनाही धरून ते असं बसवलं की मोठा मतदारसंघ आखायचा, त्याला दोन जागा द्यायच्या, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. १९५२ च्या लोकसभेत ४०१ मतदारसंघ आणि ४८९ खासदार होते, त्यात ८६ मतदारसंघ दोन जागांचे आणि उत्तर बंगालचा एक तर तीन जागांचा. विधानसभांतही हेच चालू होतं. १९५७ ला द्विभाषिक मुंबई राज्यात ३३९ मतदारसंघांतून ३९६ आमदार निवडून आले, म्हणजे तुमचा तालुका अशा जोड मतदारसंघात असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे.

आता शोधायचं कुठे. निवडणूक आयोगाच्या साइटवर जुन्या निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये मिळतात, तिथून सुरुवात करा, पण कुठल्या राज्याची फाइल उघडायची इथेच माणूस चुकतो. १९५२ ला महाराष्ट्र राज्य नव्हतंच. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश हे मुंबई राज्याच्या फाइलमध्ये, विदर्भ मध्य प्रदेशच्या, आणि मराठवाडा हैदराबादच्या. १९५७ ला हे सगळं मुंबई राज्यात आलं. बेळगाववाल्यांचं उलटं, १९५२ मुंबईत आणि १९५७ म्हैसूरमध्ये. महाराष्ट्राची वेगळी फाइल थेट १९६२ पासून. जिल्ह्यांची नावंही जुनीच घालून शोधा, रायगड म्हणजे कुलाबा, जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, सांगली म्हणजे दक्षिण सातारा. इंग्रजी स्पेलिंगही जुनी असतात, त्यामुळे सर्चवर विसंबू नका, पानं उलटत जा, वेळ लागतो पण दुसरा उपाय नाही.

मतदारसंघ सापडला की उमेदवारांच्या आधी जागा किती ते बघा. दोन जागा असतील तर नेहमीची "पहिला जिंकला, दुसरा हरला" ही सवय बाजूला ठेवायची. मोजणीचा नियम असा होता की आधी राखीव जागा भरायची, म्हणजे त्या प्रवर्गातल्या उमेदवारांत ज्याला सर्वात जास्त मतं तो राखीव जागेवर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत, जात कुठलीही असो, ज्याला जास्त मतं तो सर्वसाधारण जागेवर. वाचताना हाच क्रम धरा.

उदाहरणाला १९५२ चा लोकसभेचा उत्तर मुंबई शहर मतदारसंघ घ्या, ज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १ लाख ४९ हजारांच्या आसपास मतं घेऊन पहिले, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता दुसरे, काँग्रेसचे नारायण काजरोळकर तिसरे आणि बाबासाहेब चौथे. निवडून कोण आलं? गांधी आणि काजरोळकर. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं असूनही ते हरले, कारण सर्वसाधारण जागेसाठी त्यांची तुलना गांधींशी झाली आणि राखीव जागेसाठी काजरोळकरांची बाबासाहेबांशी, ज्यात फरक १४ हजारांच्या वर होता. नुसता तक्ता बघून "बाबासाहेब चौथ्या नंबरवर फेकले गेले" असं लिहिणाऱ्यांनी हा नियम वाचलेला नसतो. राखीव जागेच्या लढतीत ते दुसरे होते, एवढंच खरं वाक्य आहे.

दुसऱ्या मताचं काय व्हायचं हेही बघायला हवं, नाहीतर हा निकाल अर्धाच कळतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असायची, मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जायची, दुसरी बाद. उत्तर मुंबईत अशी ७४ हजारांहून जास्त मतं बाद झाली, आणि मतदारांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं गेलं अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि मेहता दोघंही निवडणूक न्यायाधिकरणात गेले, पण याचिका फेटाळली गेली. स्वातंत्र्याआधी, १९३७ ला, मुंबई प्रांतात सगळी मतं एकालाच द्यायची मुभा होती आणि बाबासाहेब त्याच बाजूचे होते, कारण अल्पसंख्य मतदारांना आपल्या माणसामागे एकवटून उभं राहता यायचं. १९५२ ला ती मुभा गेली.

त्यामुळे जोडीदार कोण आणि दुसऱ्या मताची देवाणघेवाण झाली का हे शोधत चला. सोलापुरात १९५२ ला शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज एकाच मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईतून कम्युनिस्ट नेते डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने. कम्युनिस्ट आणि फेडरेशन एका मतदारसंघात शेजारी शेजारी जिंकतात याचा अर्थ तेव्हाच्या स्थानिक पेपरांतून नीट उलगडतो, म्हणून जिल्हा ग्रंथालयात जुन्या फाइली असतील तर निकालाच्या आठवड्याबरोबर प्रचाराचे आठवडेही वाचा.

मतदानाची टक्केवारी काढताना सांभाळा. माणशी दोन मतं आहेत, त्यामुळे सगळ्या उमेदवारांची बेरीज मतदारसंख्येच्या वर जाऊ शकते, ती बघून घोटाळा झाला असं लिहू नका. बेरजेला दोनाने भागूनही खरा आकडा येत नाही, कारण बरेच जण एकच मत द्यायचे. आणि या आकड्यांची १९६२ शी सरळ तुलना करू नका.

कधी दोन्ही विजेते राखीव प्रवर्गातलेच दिसतील, तीही छपाईची चूक नाही. आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये १९५७ ला पहिले दोन्ही उमेदवार आदिवासी होते, एक राखीव जागेवर गेला, दुसरा सर्वसाधारण जागेवर, आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी ५६५ मतांनी हरले. गिरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण राखीव प्रवर्गातला माणूस जास्त मतं घेऊन सर्वसाधारण जागा जिंकू शकतो असंच १९५९ ला कोर्टाने सांगितलं. मला हा निकाल अगदी योग्य वाटतो. त्यानंतर लवकरच, १९६१ ला, कायदा करून ही पद्धतच बंद केली. मतदारसंघ फार मोठे, खर्च जास्त वगैरे कारणं दिली गेली, ती खोटी नव्हती, पण गिरींच्या पराभवाचं सावट त्यावर नव्हतं असं मी म्हणणार नाही.

१९६१ ला प्रत्येक जोड मतदारसंघाचे दोन तुकडे झाले आणि त्यातला एक राखीव. म्हणून १९६२ च्या महाराष्ट्र विधानसभेत २६४ मतदारसंघ आणि २६४च आमदार. तुमचं गाव कुठल्या तुकड्यात गेलं ते परिसीमनाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखण्याच्या, आदेशात तालुका आणि महसूल मंडळांच्या नावांनी दिलेलं असतं, ते नकाशावर टाकून बघा. आजच्या महापालिकेच्या चार नगरसेवकांच्या प्रभागाशी मात्र याची गल्लत नको, तिथे अ, ब, क, ड प्रत्येक जागेची लढत वेगळी असते, इथे सगळे उमेदवार एकाच मैदानात होते.

शेवटी यादी करताना १९५२ आणि १९५७ पुढे दोन्ही नावं एकाच ओळीत लिहा, प्रत्येकापुढे पक्ष आणि जागा सर्वसाधारण की राखीव ते टाका, आणि मतदारसंघाचं तेव्हाचं पूर्ण नाव द्या, आजचं नाव मागे नेऊन चिकटवू नका. १९६२ पासून नवी ओळ सुरू करा, आणि गाव राखीव तुकड्यात गेलं की दुसऱ्या, हे तिथेच नोंदवा.