शाळेत मुलाला कुणी त्रास देत असेल, तर पालकांनी या चुका टाळा

‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणणं. भांडण आणि छळ यांत फरक आहे. या विषयावर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखवायचा हेतू, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होणं आणि दोघांच्या ताकदीत तफावत. मधल्या सुट्टीत दोन मित्र एकमेकांवर धावून गेले, तर ते भांडण. तिघांनी मिळून एकाचा डबा रोज लपवला, तर तो छळ. ताकद म्हणजे फक्त अंगातला जोर नव्हे. व्हॅनमधल्या मोठ्या मुलांचा कंपू, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन, जात किंवा रंग काढणारी टोळी, ही सगळी ताकदच.

‘शाळेत काही झालं का?’ एवढंच विचारणं. उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. त्यापेक्षा ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’, ‘व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं?’ असं विचारा. मूल बोललं नाही, तरी वस्तू बोलतात. पट्टी-पेन्सिली सारख्या हरवतात, डबा तसाच परत येतो, सोमवारी सकाळी हमखास पोट दुखतं, घरी येताच मूल आधी बाथरूमकडे धावतं, कारण शाळेत तिथे जायचीच भीती वाटते. प्रत्येक पोटदुखीमागे छळच असतो असं नाही, पण ती ठरावीक वारीच उठत असेल, तर चौकशी करा.

‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्ला. आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हाच देतात, आणि माझ्या मते घातक सल्ल्यांत याचा पहिला नंबर. ज्याला उलट मारणं जमलं असतं, त्याने तुमची वाट पाहिली असती का? शिवाय नेमका तोच फटका बाई पाहतात आणि शिक्षा तुमच्या मुलाला होते. ‘लक्ष देऊ नकोस’ हेही अपुरंच. मुलाला एक छोटं वाक्य द्या: ‘थांब. मला हे आवडत नाही.’ ते घरी मोठ्या आवाजात, समोर बघून म्हणायचा सराव करून घ्या. म्हणून झालं की तिथून निघून मोठ्या माणसाजवळ जायचं. सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हेही समजावा: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून केलेली ती चुगली, त्रास थांबावा म्हणून केलेली ती तक्रार. बघ्या मुलांनाही हे शिकवायला हवं. ‘चल, आमच्यात बस’ एवढं कुणी म्हटलं, तरी त्रास देणाऱ्याची अर्धी हवा जाते.

थेट त्या मुलाच्या घरी फोन करणं. याने प्रश्न मुलांचा राहत नाही, दोन घरांचा होतो. गेटवर त्या मुलाला गाठून दटावणं तर अजिबात नको.

तोंडी तक्रारीवर थांबणं. तारीख, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं, हे वहीत लिहून ठेवा. मोबाइलवरचे मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. महाराष्ट्रातल्या शाळांत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेकडे पाहणारी सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. ती समिती कुठे आहे, हे विचारायला संकोचू नका. शाळा हलली नाही किंवा मुलाच्या जिवाला धोका वाटला, तर 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर मुलालाही पाठ असू द्या.

आणि अर्ज देण्याआधी मुलाला सांगा. त्याच्या नकळत शाळेत गेलात, तर पुढचं काही ते तुम्हाला सांगणार नाही.