तिसरी घंटा झाली की: ताण उतरवण्यासाठी आवडती करमणूक कशी वापरावी

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात तिसरी घंटा झाली की दिवे मंदावतात, कुणीतरी घाईघाईनं मोबाईल बंद करतं, दोन-चार खोकले होतात आणि पडदा सरकतो. पुढचे अडीच तास तुम्हाला कुणी हाक मारत नाही. प्रयोग संपला की दिवे लागतात आणि आपण पुन्हा जंगली महाराज रस्त्यावर रिक्षा शोधत उभे असतो. ताण उतरायचा तर करमणुकीला असं आत जायचं दारही हवं आणि बाहेर यायचंही. मोबाईलवर आपण दोन्ही हरवून बसतो.

वडील आजारी होते तेव्हा मी रोज रात्री मालिका बघत बसायचे. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू. बघता बघता दोन वाजायचे. सकाळी डोळे चुरचुरायचे आणि औषधांची यादी, बिलं, ऑफिसच्या मेल्स जागच्या जागी. पुढे मी जी पद्धत बसवली, ती अशी.

आधी ताण कसला आहे ते ओळखा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिवसभर मिटिंगांमध्ये बोलून डोकं भणभणत असेल तर शब्द नसलेलं काहीतरी घ्या: बासरी, सतार. कुणाचा राग आला असेल तर खळखळून हसवणारं. पण मनाला काळजी लागली असेल तेव्हा नुसतं संथ संगीत पुरत नाही. कान गाण्याकडे आणि मन रिपोर्टकडे, असं होतं. तेव्हा डोकं गुंतवणारं हवं. शब्दकोडं, रहस्यकथा, पत्त्यांचा डाव. वडिलांच्या तपासण्यांच्या दिवसांत मला शब्दकोड्यानं जितकं सावरलं, तितकं दुसऱ्या कशानंच नाही.

मग संपणारी गोष्ट निवडा. नाटकाचा एक अंक, एक कथा, एक राग. ख्याल तर फार सोयीचा: विलंबितात, म्हणजे संथ लयीत, मन हळूहळू स्थिरावतं आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीत, गाणं स्वतःच तुम्हाला जागं करून सोडतं. मालिका बघायची असेल तर सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा, आणि किती भाग बघायचे ते सुरू करण्याआधीच ठरवा. मध्यावर ठरवू म्हटलं की ठरत नाही.

आता दार. हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून आलात की लगेच स्क्रीनसमोर बसू नका. हातपाय धुवा, कपडे बदला, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा करा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून तो लांबवायचा. घरच्यांना सांगून ठेवा, "पाऊण तास मला हाक मारू नका गं." चोरून घेतलेला वेळ विसावा देत नाही.

फार दमला असाल तर नवं काही शोधू नका. पाठ झालेलं नाटक, लहानपणी ऐकलेलं कीर्तन, शंभरदा पाहिलेला सिनेमा लावा. पुढे काय होणार हे माहीत असतं, त्यामुळे मनाला सावध राहावं लागत नाही. निवडण्यातच अर्धा तास जातो तोही वाचतो.

महिन्यातून एकदा तरी घराबाहेर पडा. मेट्रोनं छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरलं की बालगंधर्व चालत गाठता येतं. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहेच. डिसेंबरात शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला. तिथं भारतीय बैठकीत, शाल पांघरून, अनोळखी शेजाऱ्याबरोबर एकाच समेवर "वा!" निघते, तेव्हा आपलं दुःख आपल्या एकट्याचं उरत नाही. हे घरच्या स्पीकरवर मिळत नाही.

करमणुकीतून परत येताना पाच मिनिटं ठेवा. पाणी प्या, वहीत उद्याचं एकच काम लिहा. "डॉक्टरांना फोन, दहा वाजता," इतकंच. कागदावर उतरलेलं काम रात्रभर डोक्यात घोळत नाही. झोपेच्या आधीचा तास मात्र स्क्रीनचा नको; त्या उजेडानं झोप उशिरा लागते. तेव्हा रेडिओ किंवा पुस्तक.

आठवड्यानं स्वतःला विचारा: उठल्यावर हलकं वाटतं की आणखी जड? कामं टाळली जातायत, जेवण चुकतंय, आवडीचं लावूनही काहीच वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर करमणुकीवर विसंबू नका. टेलि-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आवाज थरथरत असला तरी फोन लावा.